नातेवाईक तयार नव्हते

प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टरला 'बघू' या शब्दाची शिसारी यायची. घरी नवरा सहज म्हणाला, तरी ती फणकारायची, "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. लोंबकळत ठेवू नका."

त्या सकाळी दोन नंबरच्या खाटेवर पहिलटकरीण होती. दहाच्या सुमारास बाळाचे ठोके कळ ओसरल्यावरही सावरेनात, पाणीही हिरवट आलं. सिस्टरनं खाली ओपीडीत डॉक्टरांना फोन लावला.

"सर, सिझर लागेल."

"बघू. एवढे पेशंट आटोपतो."

पहिलटकरणीनं आणि तिच्या सासूनं सव्वादहाला संमतीच्या सह्या केल्या. साडेअकराला सिस्टरनं पुन्हा फोन केला. पुन्हा तेच, शिवाय फोनमध्ये कपबशीचा आवाज.

डॉक्टर आले सव्वाबाराला. तोवर बाळाचं डोकं ओटीपोटात खाली घट्ट रुतलं होतं. सिझरमध्ये ते ओढून काढताना गर्भाशयावरची चीर खालपर्यंत फाटत गेली. आईला तीन पिशव्या रक्त चढलं. मुलगी रडलीच नाही. तिला नळी घालून काचेच्या पेटीत ठेवलं.

हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "केसपेपरवर लिहा, नातेवाईक तयार नव्हते."

सिस्टरनं पेन उचललं. हे वाक्य तिच्या हातात बसलेलं होतं. बावीस वर्षांत किती पेपरांवर तिनं ते न अडखळता लिहिलं होतं, आणि त्यापायी किती सासवा आपापल्या घरात जन्माच्या वाईट ठरल्या असतील. डॉक्टरांपेक्षा तिला स्वतःच्या वळणदार अक्षराची किळस आली.

तिनं लिहिलं: दहा पाच, फोन. सव्वादहा, सह्या. साडेअकरा, फोन. सव्वाबारा, डॉक्टर आले.

डॉक्टरांनी वाकून वाचलं. "इतकी वर्षं काढलीत सिस्टर, सांभाळून घ्यायला शिकला नाहीत?"

"शिकले होते, सर."

बाहेर बाकावर सासू पदराचं टोक चोळत बसली होती. "बाई, डॉक्टर म्हणाले, उशीर तुमच्यामुळंच झाला. मला मेलीला सही धड येत नाही. दोनदा खोडली. त्यातच गेला का हो वेळ?"

सिस्टर तिच्याशेजारी टेकली. "नाही, आई. तुमची सही सव्वादहालाच झाली होती. पेपरवर वेळ आहे. त्याची प्रत आजच्या आज मागून घ्या. अर्ज मी लिहून देते."