अम्माला खुर्ची देणारे गुरुजी

लच्छन्ना गुरुजींना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथात कॉलेज अर्ध्यात सोडून आलेल्या पोराचा लेख कशाला, असं समितीत कोणी म्हणालं. मी भांडून ही दोन पानं मिळवली. गुरुजी रागावतील, पण लिहितोच.

त्यांची माझी ओळख गडचिरोलीच्या शाळेत, तिसरीत झाली. आमचे बाबा लाकडाच्या डेपोत कामाला म्हणून गोदावरीपलीकडून आलेले. घरात तेलुगू, शाळेत मराठी. एकदा अम्मा डबा घेऊन वर्गाच्या दारात आली आणि तिने तेलुगूत हाक मारली. पोरं हसली. शेजारच्याने विचारलं, "कोण रे हे?" मी म्हणालो, "आमच्या घरी काम करते."

गुरुजींनी ते ऐकलं होतं. ते उठले, वर्गातली एकुलती एक खुर्ची दाराशी नेली आणि म्हणाले, "अक्का, कूर्चोंडी." म्हणजे ताई, बसा. आम्हांला मराठी व्याकरण घोटून घेणारे गुरुजी तिकडचेच, हे वर्गाला त्या दिवशी कळलं. मला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. छडी परवडली असती.

यंदा पुन्हा तेच केलं मी. एका मुलीचं लग्न दुसरीकडे ठरत असल्याचं कळलं आणि नागपूरचं कॉलेज टाकून पहिली मोटार धरली. (तिचं नाव लिहीत नाही, हा ग्रंथ तिच्याही घरी जाईल.) तिचे वडील जंगल खात्यात कारकून. त्यांना ठोकून दिलं, आम्ही मूळचे चिमूरचे, घरात मराठीच. मग बोलणी करायला वडीलधारं माणूस हवं, बाबा आता नाहीत, म्हणून गुरुजींकडे धावलो.

"अम्मा कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"घरी."

"मंग मले काऊन नेतं? तिले घे, मंग येतो."

पाडव्याला तिघं तिच्या घरी गेलो. अम्माच्या हातात आमच्याकडची पाडव्याची पच्चडी होती: कडूनिंबाची फुलं, कैरी, चिंच, गूळ. गुरुजी दारातच म्हणाले, "भाऊ, पोरगं खोटं बोललं. चिमूरचं नाई, गोदावरीपलीकडचं आहे. मीबी तिकडचाच."

"मंग आता खरं काऊन सांगून राह्यले?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"त्याची माय सोबत आहे. तिच्यासमोर ते कोणाचं पोरगं सांगू?"

वडिलांनी आपल्या घरचा कडूनिंब आणि गूळ पुढे ठेवला, पच्चडीचं बोट चाटलं. "चिंच जास्त झाली."

अम्मा मोडक्या मराठीत म्हणाली, "गूळ तुमी घाला."

ते हसले. आतून खुर्ची आणून म्हणाले, "बसा बाई." मला म्हणाले, "तू उभाच राय. कॉलेज पुरं कर, मंग बोलू. तोवर पोरगी कुठी देत नाई. मास्तर, तुमच्या शब्दावर."

गुरुजींनी शब्द दिला. माझ्यासारख्याच्या भरवशावर.

शाळेतलं ते वाक्य मी अम्माला अजून सांगितलेलं नाही. हा लेख आधी तिलाच वाचून दाखवीन, मग जूनमध्ये नागपूरला जाईन. गुरुजींची प्रकृती खणखणीत राहो. आमच्या मांडवात अम्माशेजारची खुर्ची त्यांची आहे, आणि पुढचे कितीतरी पाडवे त्यांनी दोन्ही घरचा कडूनिंब खायला यावं.