गोदाक्काला पाणी कोणी पाजलं?

इथले अनुभव मी नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर वाचताना प्रत्येक अनुभवाला मी मनात एक कारण जोडून टाकायचे – ताप असेल, औषधाची गुंगी असेल, झोप झाली नसेल. नर्सिंग शिकलेय, सवयच तशी. आमच्या वाटूरच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आईवडिलांनी आणि शाळेतल्या बाईंनी ज्या कष्टानं शिकवलं, त्यात भुताखेतांना जागाच नव्हती. तरी हे लिहितेय, कारण त्या दुपारला मला अजून कारण जोडता आलेलं नाही.

जालन्याहून अंबडकडे जाताना रस्त्यालगत वृद्धांचं एक लहान शुश्रूषा केंद्र आहे. नाव देत नाही. बैठी इमारत, लांब व्हरांडा, एका टोकाला बायकांची खोली, मध्ये पुरुषांची आणि दुसऱ्या टोकाला न्हाणी. दिवसपाळीला मी सिस्टर आणि मदतीला सुनीतामावशी. दोघीच.

मी येण्याआधीपासून तिथे एक पद्धत होती. दुपारचा चहा झाला की अंथरुणाला खिळलेल्यांना पाणी घोटभरच द्यायचं. रात्रपाळीला एकटी बाई, चादरी ओल्या झाल्या तर बदलणार कोण? कुणाच्या मनात वाईट नव्हतं. म्हातारी माणसं ओल्यात झोपू नयेत म्हणूनच ते चाललं होतं. मी व्यवस्थापकांना सांगितलं की उन्हाळ्यात हे धोक्याचं आहे. ते म्हणाले, बराबर आहे ताई, माणूस बघतो. माणूस काही मिळाला नाही. हळूहळू म्हाताऱ्यांनी पाणी मागणंच सोडून दिलं होतं.

त्यावर बिरूआबांनी आपल्या परीनं मार्ग काढला. आबा अंकुशनगरकडचे धनगर, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. मागे बघणारं कोणी नाही म्हणून इथे आलेले. ऊन उतरायला लागलं की तांब्या घेऊन दोन्ही खोल्यांतून फिरायचे. सगळ्यांचं झाल्याशिवाय स्वतः घोट घ्यायचे नाहीत.

“मेंढरं पेल्याबिगर म्या कवा पेलो न्हाई, सिस्टर. आता कुठं सवय मोडू?”

“म्हंजे आमी मेंढरं व्हय, आबा?” सुनीतामावशी चिडवायची.

“मेंढरं गुणाची असत्यात. तू न्हाईस.”

बायकांच्या खोलीत जाफराबादकडची गोदाक्का होती. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. तिला पाणी पाजणं जोखमीचं होतं... श्वासनलिकेत गेलं तर जीवावर बेतायचं. एकदा ठसका लागला तेव्हा मी आबांना थांबवलं. मग तेच म्हणाले, शिकवा. पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी खाली, चमच्यानं द्यायचं, एक घोट गिळला की मगच दुसरा. आबा तिच्या गळ्याकडे बघत थांबायचे, अजिबात घाई नाही. ती कुणाच्या हातून प्यायली नाही तरी आबांच्या हातून प्यायची.

ऐन उन्हाळ्यात आबा गेले. दुपारी पाणी वाटून आले, खाटेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा तडाखा, अंगातलं पाणी कमी झालं होतं.

त्यानंतर गोदाक्कानं तोंड मिटलं. चमचा ओठांशी नेला की मान फिरवायची. सलाईनला शीर सापडेना. डॉक्टरांनी सांगितलं, उद्यापर्यंत प्यायली नाही तर हॉस्पिटलला हलवावं लागेल. आणि ती तिथवर टिकेल की नाही, याची त्यांनाही खात्री नव्हती.

त्याच दिवशीची गोष्ट. दुपारी लाईट गेली होती. गोदाक्काला डाव्या कुशीवर निजवून मी आणि मावशी एका आजोबांना आंघोळ घालायला न्हाणीत गेलो. दार उघडंच होतं, तिथून सगळा व्हरांडा दिसत होता. कोणी आलं नाही, गेलं नाही. फाटक आतून बंद.

परत आले तर गोदाक्का बसलेली होती.

पाठीला उशा होत्या, त्यातली एक पलीकडच्या खाटेवरची. खोलीत गोदाक्काखेरीज फक्त त्या खाटेवरच्या आजी होत्या; त्यांना स्वतःहून कूसही बदलता येत नाही, आणि त्या गाढ झोपलेल्या. गोदाक्काची हनुवटी खाली, ओठ ओले. जाताना मी स्टुलावर भरून ठेवलेला ग्लास तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर होता – जवळजवळ रिकामा. चादर कोरडी. मी स्टेथोस्कोप लावून छाती तपासली. स्वच्छ. इतकं पाणी पाजताना एकदाही चुकलं नव्हतं.

“सिस्टर, म्या तर तुमच्यासंगंच व्हते,” मावशी दारातूनच म्हणाली. ती आत येईना.

तेवढ्यात गोदाक्का बोलली. अडखळत, पण स्पष्ट.

“आबा... पाणी पेले का?”

ती डाव्या हातानं ग्लासाकडे आणि मग दाराकडे दाखवत राहिली. शेवटी मी ग्लास विसळला, भरला आणि पुरुषांच्या खोलीत गेले. तिचं समाधान व्हावं, एवढंच मनात होतं. आबांच्या खाटेवर आदल्या दिवशीच नवीन आलेले एक आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. विचारलं, आजोबा, पाणी घेता? ते उठून बसले आणि एका दमात प्यायले.

“अजून मिळंल का, बाई? मागावं का न्हाई, काई कळंना.”

मी तांब्या भरून आणला. मावशीनं दुसरा घेतला. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांना मागतील तितकं पाणी दिलं. चादरी ओल्या झाल्या, त्या बदलण्यासाठी मी उशिरापर्यंत थांबले. आता ते रोजचंच झालंय.

गोदाक्का त्या दिवसापासून माझ्या हातून पाणी घेऊ लागली. पुढे पावसाळ्यात ती झोपेतच गेली. पुन्हा एक शब्दही बोलली नाही.

तिला कोणी बसवलं, मी खूप विचार केला. झटका येऊन शरीर आपोआप उठलं असेल? मग उशी? मग पाणी? सोबत शिकलेल्या मैत्रिणींनाही कारण जोडता आलं नाही. मला आजही ठाऊक नाही. एवढंच माहीत आहे की तिथे जिवंत असलेल्यांपैकी कोणीही तिला ते पाणी दिलं नव्हतं.