पेटीवाल्याची सही

शेरिल बॉरिल आणि मी इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या मासळीच्या कारखान्यात एकाच पट्ट्यावर चौदा वर्षं समोरासमोर उभ्या राहिलो. आधी तिथे तिची आई असायची, म्हणून शेरिल मला पॅट आंटी म्हणायची. कॉड माशाचे काटे काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बोलायची मात्र कमी. नवरा म्हणावा असा एक होता, तो लेक मेगन पोटात असतानाच तोंड काळं करून गेला. त्याच्यावर मी इथे आणखी शाई खर्च करणार नाही.

मेगन अकरा आठवड्यांची होती तेव्हा स्पेनहून फोन आला. शेरिलचा बाप रेग बायको गेल्यावर घर विकून तिकडे राहायला गेला होता. जन्मभर मासेमारीच्या ट्रॉलरवर थंडी खाल्लेला माणूस, म्हणाला आता ऊन खातो. त्याची फुप्फुसं संपत आली होती. तिथली नर्स म्हणाली, ईस्टरपर्यंत काढतील, पुढचं सांगता येत नाही. तेव्हा फेब्रुवारी चालू होता. मग रेग स्वतः फोनवर आला आणि दम खात खात म्हणाला, "एकदा माझ्या हातात दे गं तिला. मागच्या वेळी मी नुसती पेटीच उचलली."

मागच्या वेळी म्हणजे हॉली, शेरिलची पहिली. दोन दिवस जगली. इथल्या इस्पितळातल्या नर्सने विचारलं होतं, फोटो काढून ठेवू का, तर शेरिलने नको म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं. ते 'नको' तिला मग रोज खात राहिलं. रेग तेव्हा मिळेल ते विमान पकडून आला आणि ती हातभर लांबीची पांढरी पेटी त्याने काखेत धरून कबरीपर्यंत नेली.

आता मेगनला न्यायचं तर तिचा पासपोर्ट हवा. शेरिल रजेवर होती, पण अर्ज घेऊन बाळगाडी ढकलत कँटीनला आली. अर्जावर आणि बाळाच्या फोटोमागे एकाची सही लागणार होती. तो सही करणारा माणूस शेरिलला निदान दोन वर्षं ओळखणारा हवा, नात्यातला नको, त्याचा स्वतःचा पासपोर्ट चालू हवा, आणि वर तो प्रतिष्ठित धंद्यातला हवा. प्रतिष्ठित कोण, त्याची यादी सोबत जोडली होती. मी शेरिलला ती जन्मली त्या दिवसापासून ओळखते. पण मासे सोलणारी बाई त्या यादीत नव्हती. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ज्यांनी हिला पाहिलंय त्यांना किंमत नाही, आणि ज्यांना किंमत आहे त्यांनी हिच्याकडे कधी पाहिलंय?

तीन आठवडे शेरिल दारं झिजवत होती. दवाखान्यात दर खेपेला नवा डॉक्टर, आणि काचेमागची बाई म्हणाली, आम्ही असल्या सह्या करत नाही. कारखान्याचा मॅनेजर आठ महिन्यांपूर्वी आलेला. पबचा मालक यादीत बसत होता, पण तो तिचा सख्खा मामा. पाद्रीबुवा म्हणाले, तू प्रार्थनेला कधी दिसली नाहीस, खोटं कसं लिहू? शाळेतल्या जुन्या बाईंनी तिला जवळ घेतलं, चहा पाजला, आणि मग त्यांचा पासपोर्ट निघाला नऊ वर्षांपूर्वी संपलेला. स्कॉटलंडपलीकडे जायचं कुणाला होतं, म्हणाल्या. पासपोर्ट कचेरीत तातडीची खिडकी होती एक, पण तिथेही सही लागणारच होती. इकडे फोनवर रेगचा आवाज रोज बारीक होत होता.

शेवटी मीच त्या यादीवरून बोट फिरवत बसले आणि बोट एका ओळीवर थांबलं. अंत्यविधीचं काम करणारे. मी ते वाचून दाखवायला धजले नाही. शेरिलने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "डाऊस ओळखतात मला."

मिस्टर डाऊस, आमच्याकडचे पेटीवाले. तान्ह्या लेकरांचे पैसे ते घेत नसत, त्यांच्या वडिलांनीही कधी घेतले नाहीत. हॉली गेल्यापासून शेरिल दर नाताळला त्यांच्या दारात कार्ड टाकून यायची.

आम्ही दुपारी गेलो. डाऊसनी हात धुतले, पुसले आणि मेगनला घेतलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "थोरलीवर गेलीय."

मला आठवलं, हॉलीला झबलं घालून शेवटचं निजवलं होतं ते यांनीच. ओळख किती दिवसांची ते नेमकं लिहायचं म्हणून डाऊसनी जुनी वही काढली. तारीख सापडली, दोन वर्षं आणि सहा आठवडे. वही समोर उघडी ठेवूनच त्यांनी त्यांच्या त्या सावकाश, वळणदार अक्षरात अर्जातला आपला रकाना भरला, फोटोच्या मागे लिहिलं, सही केली, शाई वाळू दिली आणि सगळं पाकिटात घालून पाकीट स्वतःच चिकटवलं. गावात ज्याच्या हातून कधी काही चुकलं नाही असा तो माणूस. आम्ही उघडून बघावं असं आमच्या मनातही आलं नाही.

सोळा दिवसांनी पाकीट परत आलं. पत्रात लिहिलं होतं, अर्जावरचं नाव आणि फोटोमागचं नाव जुळत नाही, नव्या फोटोसह पुन्हा पाठवा. शेरिलने फोटो उलटा केला. मागे लिहिलं होतं: 'हा मिस हॉली बॉरिल हिचाच हुबेहूब फोटो असल्याचे मी प्रमाणित करतो.' खाली डाऊसची सही आणि तारीख.

मी तशीच उठून डाऊसच्या दुकानात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. ते खुर्चीवर बसले आणि म्हातारा माणूस रडतो तसे आवाज न करता रडले. त्याच दिवशी नव्या फोटोवर त्यांनी पुन्हा सही केली. वही या वेळी बंद होती.

रेग ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी गेला. गुड फ्रायडेची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी पोस्टमनने मेगनचा पासपोर्ट दारातून आत टाकला. रेगला तिकडेच जाळलं. त्याची राख डाऊसच्याच पत्त्यावर आली आणि ती आम्ही हॉलीशेजारी पुरली. पासपोर्ट खणात पडला, पाच वर्षांनी त्याची मुदत संपली. त्यावर एकही शिक्का नव्हता.

त्या उन्हाळ्यात एकदा मी शेरिलकडे गेले, तर शेकोटीवरच्या फळीवर मेगनचा पासपोर्टचा फोटो चौकटीत लावलेला. शेजारी दुसऱ्या चौकटीत तोच फोटो. मी ती चौकट उचलून मागून उघडली आणि हॉलीच्या नावाचं ते डाऊसचं अक्षर ओळखलं. माझा पुन्हा संताप झाला. म्हटलं, ज्या कागदापायी तुझ्या बापाचे हात रिकामे राहिले तो फाडून टाक आधी.

शेरिलने चौकट माझ्या हातातून काढून घेतली, बाहीने काच पुसली.

"माझ्याकडे हॉलीचा फोटो नव्हता, आंटी," ती म्हणाली. "आता आहे. आणि ज्यांनी सही केलीय त्यांनी तिला पाहिलं होतं."