टिचकी मारणारी पोट्टी

बायको गेली अन् मी रडलोच नाही. पोरीले धास्ती पडली. रायपूर राजधानी झाल्यावर मन मोकळं करायचे दवाखाने निघाले, त्यातल्या एका समुपदेशक बाईकडे तिनं मले नेऊन बसवलं. बाई कसली, पोट्टीच होती.

ती म्हणाली, "काका, गोल बाजारात बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. बाया टिचकी मारून भांडं पारखायच्या अन् सासूचं गाऱ्हाणं सांगत बसायच्या. ऐकणं मी तिथंच शिकली. बोला."

"बायको माही देवी होती."

तिनं टेबलावर टिचकी मारली. "फुटकं वाजलं, काका."

"कधी उलटून बोलली नाही."

पुन्हा टिचकी. मले रागच आला. "वरण खारट करे. बोललं तर ताट उचलून नेत होती."

आता टिचकी नाही. "हे खणखणीत. देवीसाठी कोणी रडते का, काका? ह्या बाईसाठी रडा."

तिच्यासमोर मी काही रडलो नाही, एवढा सोपा नाही मी. घरी येऊन वरण केलं, मुद्दाम खारट. पहिल्याच घासाले डोळे वाहू लागले. पोरीले सांगितलं, मिरची लागली.