आबांचा परदेश

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत परदेशाची सर्वांत पक्की माहिती कुणाला असेल, तर ती माझ्या चुलत सासऱ्यांना. आणि त्यांच्याकडे पासपोर्ट नाही. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ, म्हणजे आमचे आबा, कराडला आमच्याच घरात, खालच्या मजल्यावर राहतात. नोकरीत त्यांनी सगळा देश पालथा घातला, पण देशाची वेस काही ओलांडली नाही. एकदा परदेशी जाणाऱ्या तुकडीत त्यांची निवड झाली होती. ऐन निघायच्या आठवड्यात त्यांना कांजिण्या आल्या. मिशा फुटलेल्या माणसाला कांजिण्या! त्या कांजिण्यांचा राग ते अजून दर उन्हाळ्यात काढतात, आणि तो निघतो आमच्या कॉलेजातल्या कॅडेट पोरांवर.

दर उन्हाळ्यात एखाद-दुसऱ्या कॅडेटची परदेश दौऱ्यासाठी निवड होते. ती जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोर आमच्या ओट्यावर बॅग उघडून उभं असतं. आबा बॅग पूर्ण उपसतात आणि स्वतःच्या पद्धतीने भरतात. तळाला शेंगदाण्याची चटणी, वर गणवेश आणि सर्वांत वर सुंभाची दोरी. जगात कुठल्याही देशात दोरी मिळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत आहे. एका पोराने व्हिएतनामला त्याच दोरीने एका साहेबाची फाटलेली सुटकेस बांधून दिली. झालं! तेव्हापासून दोरीची लांबी दुप्पट झाली.

मग भोजन प्रशिक्षण. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या भाकरीवर, न विचारता. पोरांनी पिठलं-भाकरी काट्याने आणि सुरीने खायची. भाकरीचा तुकडा ताटातून उडून भिंतीवर आपटतो, पिठलं काट्याच्या फटीतून गळतं, आणि आबा हाताची घडी घालून म्हणतात, "भाकरी काट्यानं जमली की जगात काय बी जमतंय. हाण!" स्वतः मात्र हातानेच जेवतात.

आणि सर्वांत शेवटी त्यांचा शिष्टाचाराचा पाठ. त्यातला पहिला नियम असा, की वडीलधाऱ्यांना चहा ओतू द्यायचा नाही, किटली आपण घ्यायची. आणि ओतायचा तो काठोकाठ. "अर्धा कप म्हंजे पावण्याला 'ऊठ' म्हटल्यागत हाय," हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात, की पोरं हसायचं विसरतात.

कॅडेट परत आले की कॉलेजच्या सभागृहात त्यांचा प्रवास ऐकण्याचा कार्यक्रम होतो. मी कॉलेजच्या कार्यालयात असल्याने खुर्च्या, माइक, चहा, वक्त्यांचा क्रम हे सगळं माझ्याकडे. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडतं. फक्त आबांची व्यवस्था कुठल्याच नियोजनात बसत नाही. ते पहिल्या रांगेत बसतात आणि वक्त्याला दुरुस्त करतात. मागे एका पोराने सांगितलं, की तिकडे लोक फार कमी बोलतात. आबा जागेवरून म्हणाले, "चूक. त्यास्नी तुजं कळंना म्हणून गप बसले आसतील." पोरगा चिडला, "आबा, तिकडं तुमी गेलता का मी?" आबा शांतपणे म्हणाले, "तू गेलतास. म्हणून तर सांगतोय."

या वर्षी कझाकस्तानला गेली होती तासगावची आफरीन. तिच्या वडिलांचा बेदाण्याचा व्यापार. दुकानात तिच्याइतका पक्का सौदा करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून पोरीने शिकून दुकानातच बसावं असं त्यांच्या मनात. तिला मात्र लष्करात अधिकारी व्हायचं होतं, त्याच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. आबा स्वतः एसटीने तासगावला जाऊन, दुकानात बसून, मूठ-मूठ बेदाणे खात त्यांची समजूत घालून आले होते. परदेशाला होकार मिळाला, पुढच्याला नाही. "सुभेदार," ते म्हणाले होते, "पोरगी हुशार हाय, पन फौजेत चुकलं की कोन समजून घेतंय? मोडून पडंल ती. परत आल्यावर तिचं भाषण मी सोता ऐकनार. मग ठरवू."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आफरीनने आमच्या ओट्यावर आबांना काहीतरी सांगितलं. मी आतून चहा घेऊन आले तर आबांचा चेहरा उतरलेला. "ही गोष्ट हितंच पुरायची," ते तिला सांगत होते. "उद्या तुजा बा समोर आसनार. सगळं बेस्ट झालं म्हणायचं आन खाली बसायचं. काय?"

"पण आबा..."

"पण न्हाई. ऑर्डर हाय."

दुसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. संचलन छान, हवा छान, माणसं छान. इतकं छान, की तिचे वडील दुसऱ्या रांगेत जांभया देऊ लागले. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "तिकडं चहा कसा असतो?"

आफरीनने आबांकडे पाहिलं. आबांनी मान जोरजोरात आडवी हलवली. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि माइक हातात घेतला.

"खरं सांगू का? चहानंच घात केला," ती म्हणाली. "आम्हाला एका घरी नेलं होतं. तिथली आजी वाट्यांत चहा ओतत होती. म्हातारं माणूस ओतणार आणि आपण बसून राहायचं? मी किटली घेतली. आजीला दिली काठोकाठ, आजोबांना काठोकाठ, सुनेला काठोकाठ. सगळे एकदम गप्प. मग दुभाष्या माझ्या कानात म्हणाला, इथं अर्धीच वाटी देतात, म्हणजे पाहुणा पुन्हा मागतो, बसून राहतो. भरून दिली तर अर्थ होतो, एवढा प्या आणि निघा. म्हणजे मी त्या घरातल्या सगळ्यांना त्यांच्याच घरातनं बाहेर काढलं होतं!"

सभागृह उसळलं. तिचे वडील मात्र हसले नाहीत. पुढे सरकून त्यांनी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करणार, अब्बा? माझी पण वाटी काठोकाठ भरली आणि उभी राहिले. म्हटलं, चला, आपण सगळेच निघूया."

"आन म्हातारी?"

"हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हाताला धरून बसवलं मला. शेजारी, तिच्या गादीवर. तिथनं निघेपर्यंत उठू दिलं नाही."

आता ते हसले, पण डोळे बारीक करून, सौद्याला बसल्यासारखे. "ह्ये काठोकाठ तुला शिकवलं कुनी?"

"वरिष्ठांचं नाव सांगत नसतात, अब्बा."

तिला सांगायची गरजही नव्हती. सगळं सभागृह पहिल्या रांगेकडे बघत होतं. आबा उठले, सावधान झाले आणि म्हणाले, "म्या शिकवलं. चूक माजी हाय. पोरीला त्यात धरू नगा."

तिचे वडील त्यांच्यापाशी आले. "सुभेदार, तुमच्यासारका मास्तर गाठ पडून बी पोरगी निभावली. मग आता ती कुटं बी निभावंल. जाऊ द्या तिला."

नंतर बापलेक आमच्याकडे जेवायला आले. आबांनी जेवताना आफरीनची एकही चूक काढली नाही. एरवी परत आलेल्या पोराला ते घासही सुखाने गिळू देत नाहीत. मला वाटलं, भर सभेत फजिती झाली म्हणून. बसस्टँडवर तासगावची गाडी लागल्यावर ते आफरीनला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "एक इचारू? इमान वर गेल्यावर मागं वळून बगितलंस का गं?"

"बघितलं, आबा. पण मागं काही दिसत नाही. खिडकी बाजूला असते."

आबांनी उभ्या गाडीची मागची काच निरखून पाहिली. "मागं ठिवाया पायजे हुती एक," ते म्हणाले. "जानाऱ्या मानसाला लागती."

गाडी सुटली. आफरीन वडिलांना पुढे बसवून मागच्या बाकावर गेली, आणि वळण येईपर्यंत धुळीने भरलेल्या मागच्या काचेतून हात हलवत राहिली. आबांनी हात हलवला नाही. ते सावधान उभे होते. मी म्हटलं, "चला आबा, घरी." ते म्हणाले, "थांब जरा, सूनबाई. ती बगती हाय अजून."

रस्ता केव्हाच रिकामा झाला होता. मी थांबले.