सातपूरच्या घरातला स्टेक

लग्नानंतर सातव्याच महिन्यात माझा नवरा मस्कतला गेला. आग्रा रोडवरच्या एका हॉटेलात हे स्वयंपाकी होते. ओळखीतल्या एका एजंटाने तिकडच्या मोठ्या हॉटेलात काम मिळवून दिलं, करार दोन वर्षांचा. मी सातपूरला सासू-सासऱ्यांजवळ राहिले. सासरे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, सासूबाई मोजकं बोलणाऱ्या. घर दोन खोल्यांचं.

आमच्याकडे फोन नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त पत्रांवर. ह्यांच्या पत्रांत बहुतेक जेवणाचंच असायचं. तिकडे ह्यांना स्टेक भाजायच्या शेगडीवर उभं केलं होतं. समोर काच, काचेपलीकडे टेबलं, आणि गुरुवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, त्या टेबलांवर सगळी जोडपी. एका पत्रात लिहिलं होतं, ‘आज एक म्हातारं जोडपं आलं होतं. बाईचा हात थरथरत होता, सुरी धरता येईना. मग नवऱ्याने तिची बशी स्वतःकडे ओढून सगळं मांस कापून दिलं. मला तुझी फार आठवण आली. सुट्टीत आलो की तुला असं जेवण करून घालीन. फक्त आपल्या दोघांसाठी.’

स्टेक म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी मखमलाबादच्या मळ्यात वाढलेली. मटण म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी, एवढंच ठाऊक. पण ‘फक्त आपल्या दोघांसाठी’ हे शब्द मी इतक्यांदा वाचले की पत्राची घडी तिथेच फाटली.

दोन वर्षांनी हे दीड महिन्याच्या सुट्टीवर आले. त्यातले चार आठवडे पाहुण्यांतच गेले. कुणाला अत्तर द्यायचं, कुणाला बॅटरी, कुणाच्या मुलासाठी तिकडे शब्द टाकायचा. आम्ही दोघं बोलायचो ते भांडी घासताना, तेही हळू आवाजात.

मग येवल्याला सासूबाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. मी साड्या काढायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं नका येऊ. तिथे झोपायलाही जागा नाही. आम्ही उद्या दुपारपर्यंत येतो.” बोलताना त्या माझ्याकडे न बघता पिशवीत नारळ भरत होत्या.

ते एसटीने गेले आणि ह्यांनी मित्राची स्कूटर आणली. आम्ही थेट देवळाली कॅम्पात गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या खाटकाच्या वडिलांनी पूर्वी लष्करातल्या गोऱ्या साहेबांच्या मेसला मटण पुरवलेलं, असं ह्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. ह्यांनी टांगलेल्या बोकडाच्या मांडीवर बोट ठेवून सांगितलं, “इथून आडवे दोन तुकडे द्या, दोन बोटं जाड.”

खाटीक माझ्याकडे बघून हसला. “ताई, घरी रस्सा नाय करत का?”

“आज नाही,” मी म्हटलं. मला उगाचच लाज वाटली.

येताना मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. लग्न झाल्यापासून भर दिवसा असा हात ठेवायची ती माझी पहिलीच वेळ.

घरी आल्यावर ह्यांनी मला ओट्याजवळ येऊच दिलं नाही. मटणाला कच्च्या पपईचा गर, मिरं आणि लसूण चोळून ठेवलं. “तिकडचं मांस वेगळं असतं. आपला बोकड चिवट, त्याला पपई लागते,” हे मला समजावत होते. बटाटे उकडून लोण्यात घोटले. काळी द्राक्षं पिळून त्यांचा रस दोन पेल्यांत ओतला. दिवे लागायच्या वेळेला लोखंडी तवा गॅसवर चढला. तव्यातून धूर यायला लागला तेव्हा ह्यांनी फडक्याने तुकडे कोरडे करून त्यावर टाकले. एवढा मोठा चर्र आवाज झाला की मी खिडकी लावायला धावले.

“हलवायचं नाही,” हे म्हणाले. “सगळे इथेच चुकतात. सारखं उलटं-पालटं करतात.”

स्टुलावर धुतलेला टॉवेल अंथरून ह्यांनी टेबल केलं. बल्ब बंद करून मेणबत्ती लावली. तेवढ्यात शेजारच्या काकू ओरडल्या, “अगं, तुमच्याकडे लाईट गेली का? आमच्याकडे आहे!”

“फ्यूज उडालाय काकू!” हे आतूनच ओरडले. मी तोंडात पदर कोंबला.

ह्यांनी माझ्यासमोर ताट ठेवलं, मस्कतहून आणलेली सुरी आणि काटा दोन बाजूंना ठेवला, आणि मागे सरून उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले. मी वाट पाहिली. हे बसेनात.

“अहो, बसा ना.”

“तू घे. मी बघतो.”

“असं काय उभं राहायचं?”

तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं, की आपण हॉटेलातल्यासारखेच उभे आहोत. खजील होऊन हसले आणि खाली बसले. मग म्हणाले, “दोन वर्षांत किती स्टेक केले त्याची मोजदाद नाही. पण गरम, पूर्ण असा एकही खाल्ला नाही गं. कडांचे उरलेले तुकडे खायचो आम्ही, तेही उभ्यानेच.”

मी सुरी चालवली, तर मटण ताटाबाहेर घसरलं. आत गुलाबी होतं. मला ते कच्चं वाटलं आणि मी सुरी खाली ठेवली. ह्यांनी ते ओळखलं. माझं ताट स्वतःकडे घेतलं, मधला गुलाबी भाग आपल्या ताटात ठेवला आणि बाहेरचा खरपूस, लसणाच्या लोण्यात न्हालेला भाग कापून माझ्याकडे सरकवला. “आता हाताने खा. इथे कोण बघतंय?”

आम्ही पोटभर जेवलो. चावून चावून माझा जबडा दुखला. इतकं निवांत मी त्याआधी कधी जेवले नव्हते.

दहा दिवसांनी हे परत गेले. करार वाढला, पुन्हा वाढला. मुलगी झाली ती ह्यांनी फोटोत पाहिली. एकदा सासरे-सासूबाई देवदर्शनाला गेलेले असताना मी एकटीने स्टेक करायचा प्रयत्न केला. तोवर घरी फोन आला होता. शुक्रवारी ह्यांचा फोन आल्यावर सांगितलं, “करपला.”

“हलवलास का?”

“नाही हो. तव्याकडे बघत उभी राहिले, आणि उलटायचाच विसरले.”

तेवढ्यात फोन कट झाला.

हे कायमचे परत आले तेव्हा मुलगी तिसरीत होती. मध्ये दर दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर यायचे, पण तसं रिकामं घर आम्हाला पुन्हा मिळालं नाही. परत आले ते गुडघे झिजवून. उभं राहून स्वयंपाक आता नको, म्हणाले. ह्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. सगळं नीट झालं, घरावर मजला चढला, मुलगी शिकली. तरी कधीकधी भाजी चिरताना माझ्या मनात येतं, की ह्यांच्या तरुणपणातल्या कितीतरी संध्याकाळी काचेपलीकडच्या अनोळखी बायकांनी पाहिल्या आणि मी नाही.

हे कायमचे परत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. जाऊन पाहिलं, तर हे ओट्याजवळ उभे होते. गॅसवर चहाचं आधण उकळत होतं. एकेक डबा उघडून आत बघायचे आणि पुन्हा झाकण लावायचे.

मला पाहून पाहुण्यासारखे संकोचून म्हणाले, “साखर कुठे ठेवतेस गं तू?”