आकाराचा रकाना

"आकार कुठंय?" आमच्या वर्गाच्या मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "सोळा जणांची चित्रं, आणि एकाचाही आकार नाही. निराकार आहेत का सगळी?"

"चुकून राहिलं, मॅडम."

"सोळा वेळा?"

तो रकाना मीच काढून टाकला होता.

वर्गाचा डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे सगळ्यांची निवडक चित्रं दाखवणारी वेबसाइट, बनवायचं काम कॉलेजनं माझ्याकडे दिलं होतं. फोटो काढायचे, खाली कॅप्शन द्यायचं: नाव, माध्यम, आकार. शिवाय आर्टिस्ट स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाबद्दल आपणच लिहिलेलं टिपण. साइट बघून एक गॅलरी आमच्यातल्या एकाचं प्रदर्शन भरवणार होती. मला ते हवं होतं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गॅलरीच्या भिंतीवर लागलेलं माझं नाव मला एकदा बाबांना दाखवायचं होतं.

पण वर्गात सानिका होती. नारायण पेठेत तिला रंगवायला स्वतंत्र खोली आहे. तिचं चित्र सहा फूट उंच, आठ फूट लांब. माझी पोस्टकार्डाएवढी. फोटो लावताना लक्षात आलं, की स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. मग आकार कशाला लिहायचा?

मॅडमसमोर बसून सगळे आकार भरले. सानिका मागे येऊन उभी राहिली. "अरे, तुझी एवढीशीच आहेत? मला वाटलं, माझ्यापेक्षा मोठी असतील." ती सहज बोलली. मला झोंबलं.

मॅडम माझं स्टेटमेंट वाचत होत्या. "'अवकाशाच्या मर्यादांचा शोध.' म्हणजे काय रे?"

मलाही माहीत नव्हतं.

"लहान का काढतोस, ते सांग."

"मॅडम, खडकीला आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. तिच्याएवढा कॅनव्हास उभा केला, तर बाबांना ड्यूटीला जायला दार उघडणार नाही."

"मग हेच लिही की. शोधापेक्षा बरं आहे."

लिहिलं.

निवड सानिकाची झाली. गॅलरीच्या बाईंनी मला वेगळा मेल केला. माझं स्टेटमेंट त्यांना फार आवडलं होतं. चित्रांबद्दल एक अक्षर नव्हतं. मेल मी तीनदा वाचला.

सानिकाचं चित्र गॅलरीत पोचवायला माणसं कमी पडली, म्हणून मीही गेलो. गॅलरी पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर चित्र अडकलं. मला, खरं सांगतो, आतून बरं वाटलं.

"अरे, नीट धर ना, प्लीज!" सानिका खालून रडवेली झाली.

नीट धरलं. तिरकं केलं, वर नेलं. भिंतीवर लागल्यावर ते फारच चांगलं दिसत होतं. त्याचाही राग आला.

आता कॅप्शनमध्ये आकार सगळ्यात आधी लिहितो. त्यावरून गॅलरीवाले टेम्पो ठरवतात. उचलायला किती माणसं लागतील, तेही.